नंदाताई, आम्ही ते कार्ड उघडलं

नंदाताई,

तुला दिलेला शब्द मी मोडला. तू गेल्यावर आठवडाभरसुद्धा पाळला नाही. हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगून टाकतो, जणू काही आता तुझ्याकडे चहाड्या घेऊन जाणारं कुणी उरलंय.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्याबद्दल रोज काहीतरी येतंय. ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’, ‘सर्वांना सांभाळून घेणाऱ्या’. मी वाचतो आणि मला हसू येतं. सांभाळून घेणारी? तू? दिवाळीच्या कार्यक्रमात ध्वनियंत्रणा बिघडली तेव्हा त्या बिचाऱ्या पोराला तू किती झापलं होतंस! ते सगळे कुठल्यातरी दुसऱ्याच बाईविषयी लिहितात. मला माझी नंदाताई हवी आहे. जुन्या कार्डांच्या खोक्यात नाक खुपसून पुटपुटणारी.

कारण मला तू पहिल्यांदा तशीच दिसलीस. हॅनोव्हरजवळच्या एका गावातलं सभागृह, शनिवारची सकाळ, कार्डांचा अदलाबदलीचा बाजार. इथले लोक त्याला टाउशब्योर्झं म्हणतात. मी तेव्हा नुकताच कॅनडातलं शिक्षण संपवून इथे नोकरीला आलो होतो. तिकडे मित्रांमुळे मला आइस हॉकीच्या कार्डांचा नाद लागला होता. खेळाडूचा फोटो छापलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा, खिशात मावेल एवढा, आणि त्यासाठी माणसं किती वेडी होतात ते मी पाहिलं होतं, आणि मीही झालो होतो. लांबच लांब टेबलं, त्यांवर खोकी, त्यांत हजारो कार्डं, आणि सगळीकडे दाढीवाले जर्मन पुरुष. त्यांच्यामध्ये मरून रंगाच्या जाकिटातली एक बाई कार्ड डोळ्यांजवळ धरून म्हणत होती, “कोपरे बघा कसे कुरतडलेत, आणि भाव सांगतोय मेला जहागीरदारासारखा.”

मी मोठ्याने हसलो. तू वळलीस.

“हसायला काय झालं? मराठी ना तू? मग सांग, हे एवढ्याचं आहे का?”

नाव नाही, गाव नाही, आधी हाच प्रश्न. मी कार्ड हातात घेतलं आणि सांगितलं की दुकानदार मागतो ती खरी किंमत नव्हे. असंच कार्ड गेल्या काही महिन्यांत खरोखर कितीला विकलं गेलं, ती किंमत. मग फोनवर झालेले व्यवहार काढून दाखवले. तू ते पाहिलेस, त्या माणसाला अस्खलित जर्मनमध्ये तोच आकडा सांगितलास आणि त्याने देऊन टाकलं. मग म्हणालीस, “नाव काय तुझं?”

“ऋषीकेश. सांगलीचा. आणि तुम्ही, ताई?”

“ताई म्हणतोस आणि वर तुम्ही? एक काय ते ठरव.”

मी ताई ठरवलं.

वोल्फ्सबुर्गला तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा समजलं की तू फक्त गोलकीपरांचीच कार्डं जमवतेस. बाकीचे खेळाडू तुला दिसतच नसत. एखादं खोकं विकत घेतलंस तर गोल मारणारे सगळे तू मला देऊन टाकायचीस, घरातला पसारा काढावा तशी. त्यांतलं एखादं चांगलं महाग असलं तरी तुला काही नाही. “घेऊन जा. हे लोक गोल करतात आणि मिठ्या मारतात. मला काय करायचंय त्यांचं?”

तू स्वतः गोलकीपर होतीस, खडकीत, आपल्या मैदानी हॉकीत. मुलांच्या सरावानंतर मैदान मिळायचं, पायाचे पॅड त्यांचेच उसने आणि दोन मापं मोठे, असं तू सांगायचीस. कॉलेजच्या संघात तू होतीस, नंतर गुडघा गेला, नंतर लग्न, नंतर दाजींबरोबर जर्मनी. मोटारींच्या कारखान्यात दाजींची नोकरी आणि तुझी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. इथल्या पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी तुम्हाला आइस हॉकीचा सामना बघायला नेलं. बर्फावरचं काहीच तुला कळलं नाही, पण एका टोकाला वाकून उभा असलेला, सगळ्या अंगावर गाद्या बांधलेला तो माणूस तुला कळला. दुसऱ्या दिवशी तू त्याचं कार्ड विकत आणलंस. तिथून सुरुवात.

तुला कार्ड पारखायला मी शिकवलं, हे मी अजून सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे दोन-तीन बैठकांतच तू माझ्या पुढे गेलीस. चित्र कार्डाच्या बरोबर मध्यावर छापलंय का, चारही बाजूंची पांढरी पट्टी सारखी आहे का. कोपरे टोकदार आहेत की मऊ पडलेत. कडेला कुठे रंग उडालाय का. मग दिव्याखाली कार्ड तिरकं धरून पृष्ठभागावरचे ओरखडे. टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवलेली बाई तू. जिथे मला एक दोष दिसायचा तिथे तुला तीन. “इथे बघ, केसाएवढी चीर. तुझ्या डोळ्यांना चष्मा लागलाय, नंबर काढून घे.” जेवणाच्या टेबलावर कार्डं असली की जेवण स्वयंपाकघरात उभ्याने. थालीपिठाचा तेलकट हात घेऊन मी एकदा कार्डं लावलेल्या बाइंडरजवळ गेलो तर तू माझ्या हातावर उलथनं मारलंस. खरंच मारलंस.

एका गोष्टीवर मात्र आपलं शेवटपर्यंत जुळलं नाही. या छंदात गोलकीपरच्या कार्डाला त्याच तोडीच्या गोल मारणाऱ्या खेळाडूपेक्षा भाव कमी मिळतो. मी काही हे ठरवलेलं नाही, बाजार आहे. पण तू माझ्यावरच चिडायचीस.

“का पण? सहाजणांत पूर्ण वेळ बर्फावर कोण असतं? बाकीचे मिनिटभर पळतात आणि बाकावर जाऊन बसतात.”

“ताई, लोकांना गोल लक्षात राहतात. वाचवलेले नाही राहत.”

“मग लोक मूर्ख आहेत.”

“लोकच विकत घेतात ना?”

“म्हणजे किंमत मूर्ख ठरवतात. झालं. हेच मी म्हणतेय.”

दाजी पेपर वाचता वाचता हसायचे. ते हसले की तू त्यांच्याकडे बघायचीस, आणि तुझा राग जायचा. तुमच्या घरातली ही गोष्ट मला फार आवडायची. मी एकटा राहायचो तेव्हा. रविवारी रात्री हॅनोव्हरला परतताना गाडीत मला उगाच वाटायचं, आपल्याला कुणीतरी आहे इथे.

आता त्या कार्डाबद्दल.

तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दाजींनी तुला एक कार्ड दिलं होतं. फार जुनं, गोलकीपर मुखवटा घालत नसत त्या काळातलं. जाड पारदर्शक ॲक्रिलिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवलेलं आणि चार स्क्रूंनी बंद केलेलं. ते तू कपाटात, चादरींच्या मागे ठेवायचीस. बाकी सगळा संग्रह आल्यागेल्याला उघडून दाखवणारी तू, हे एक कार्ड काही बाहेर काढायची नाहीस. मी एकदा विचारलं, “ताई, ते जुनं बघू ना. उघडून पाहूया?” तर तू पटकन म्हणालीस, “त्याला हात लावायचा नाही,” आणि लगेच चहाचं विचारलंस. दाजी तिथेच होते. ते उठून बाल्कनीत गेले. मला वाटलं, नवऱ्याने दिलेली वस्तू, जीव असेल तिचा. मी पुन्हा विषय काढला नाही.

मग तो फोन. मी ऑफिसात होतो. तू म्हणालीस, “ऋष्या, बग सापडलाय. आणि बरेच दिवस प्रॉडक्शनमध्येच होता म्हणे.” तू तुझ्या कॅन्सरबद्दल बोलतेयस हे कळायला मला वेळ लागला. कळल्यावर तूच मला धीर देत बसलीस. “अरे, उपचार आहेत. डॉक्टरीण चांगली आहे. जरा घाईघाईने बोलते, पण हुशार आहे.”

पहिला उपचार झाला, बरी वाटलीस, पुन्हा खालावलीस. त्या हिवाळ्याच्या शेवटी तू मला बोलावून घेतलंस. खुर्चीवर उशा लावून बसली होतीस, डोक्याला तो निळा रुमाल.

“माझ्या सगळ्या कार्डांची किंमत काढ.”

“आत्ता कशाला, ताई?”

“आत्ताच. मी असेपर्यंत. नंतर मिलिंद, तुझा दाजी, एक तर सगळं आल्टपापियरच्या, रद्दीच्या डब्यात टाकेल, नाहीतर कुणी गोड बोलणारा येऊन खोकी उचलून नेईल. त्याला फसवणं फार सोपं आहे रे. त्याला वाटतं, सगळी माणसं त्याच्यासारखीच.” मग माझ्याकडे बोट रोखून, “आणि खरी किंमत. माझं तोंड बघून वाढवायची नाही.”

त्यानंतरचे शनिवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. तू कार्ड पुढे सरकवायचीस, मी पाहायचो, झालेले व्यवहार शोधायचो, आणि आपण आकड्यावर भांडायचो. तू बहुतेक वेळा माझ्यापेक्षा कमी सांगायचीस. स्वतःच्या वस्तूची किंमत इतकी निर्दयपणे काढणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. “नाही, नाही. डावीकडची पट्टी बारीक आहे. खाली आण.” प्रत्येक कार्डाबरोबर गोष्ट यायची. हे कुठल्या पावसात भिजत आणलं, हे रेवा पोटात असताना घेतलं, याच्यासाठी बसमध्ये पुढच्या स्टॉपपर्यंत भांडले. एका कार्डावर इथल्या संघाच्या गोलकीपरने निळ्या पेनने समोरच, तोंडावरच सही केली होती. सराव संपल्यावर तू त्याला गाठून घेतली होतीस. मी म्हटलं, “वाट लावलीस कार्डाची. सहीचा काही पुरावा नाही, नुसती शाई.” तू म्हणालीस, “पुरावा मी आहे ना?”

शेवटी एकच उरलं. त्या दिवशी दाजी आठवड्याचं सामान आणायला गेले होते. तू कपाटापर्यंत स्वतः गेलीस, चादरींच्या मागून ते काढलंस, ड्रॉवरमधला छोटा स्क्रूड्रायव्हर घेतलास. पण औषधांनी तुझ्या बोटांतली जाणीव गेली होती. स्क्रू काही फिरेना. तू तो माझ्यापुढे टाकलास.

“तू उघड.”

मी चारही स्क्रू काढले. कार्ड बाहेर काढलं. हातात घेतल्याबरोबर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुठ्ठा जास्तच कडक होता. भिंगाखाली अक्षरं पाहिली. जुन्या छपाईत अक्षरांची काळी शाई सलग असते. इथे अक्षरंसुद्धा बारीक बारीक ठिपक्यांची होती, म्हणजे छापील कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलेली. जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी मारली तर कागद निळसर चमकला. इतका जुना कागद तसा चमकत नाही. मग उलटं करून दिव्याखाली तिरकं धरलं. खालच्या कोपऱ्यात कुणीतरी एक ओळ खरवडून काढली होती. ‘पुनर्मुद्रण’ अशा अर्थाची असणार. आठवण म्हणून छापलेलं स्वस्तातलं कार्ड, आणि ती ओळ घालवून अस्सल म्हणून विकलेलं.

मी मान वर केली. तू माझ्याकडेच बघत होतीस.

“कळलं?” तू विचारलंस.

“ताई, हे...”

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

तू शांत होतीस, अगदी. म्हणालीस, “तू मला ठिपके बघायला शिकवलं होतंस. तो दौऱ्यावर गेला आणि मी हौसेने उघडलं, म्हटलं भिंगातून नीट बघू. बघितलं आणि परत बंद करून टाकलं.”

“आणि दाजींना?”

“काय सांगणार होते? तू त्याचं तोंड बघायला हवं होतंस देताना. आमच्या घरात भेटी कशा असतात माहितीये ना? मी सांगते, तो आणतो. साडीचा रंगसुद्धा मीच सांगायचा. हे एकच त्याने स्वतःच्या मनाने आणलं.” मग म्हणालीस, “मी नोकरीत सारं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, ऋषी. ही एक नाही दाखवली.”

मला तेव्हा तुझ्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, आणि तरी मी वाद घातला. मी म्हटलं, त्यांना कधीतरी कळेलच. तू म्हणालीस, तू सांगितलं नाहीस तर कळणार नाही. मी म्हटलं, पण खरं ते खरं. तू म्हणालीस, “कळून त्याला मिळणार काय? फसल्याचं दुःख? तेही मी गेल्यावर?” मी पुन्हा काही म्हणायला गेलो तर हात वर केलास. “बास. वचन दे. किंमत विचारली तर म्हण, ते विकायचं नाही.” खाली दार वाजलं, दाजींच्या पिशव्यांचा आवाज आला. मी घाईने स्क्रू लावले आणि वचन दिलं.

त्यानंतर आपल्याला बोलायला फारसा वेळ मिळाला नाही. हॉस्पिसमध्ये आलो होतो तेव्हा तू बराच वेळ झोपेत होतीस. मध्येच डोळे उघडून विचारलंस, “गोलकीपरांचा भाव वाढला का रे?” मी म्हटलं, “थोडा.” तू म्हणालीस, “खोटारडा.” आणि हसलीस. ते शेवटचं.

तू गेलीस त्या आठवड्यात दाजींनी मला बोलावलं. रेवा बाड हॉम्बुर्गहून आली होती, डोळे सुजलेले. टेबलावर तुझी खोकी तशीच. दाजी म्हणाले, “अंत्यविधीवाला सांगत होता, शवपेटीत छोटंसं काही ठेवता येतं. कागद, कापड चालतं, प्लास्टिक नको. मला वाटतं, तिच्याबरोबर एक कार्ड ठेवूया. सगळ्यात मोलाचं. कोणतं ते तू सांग, तुलाच माहीत.”

मी सगळी किंमत काढली होती. बाजाराप्रमाणे सगळ्यात मोलाचं कोणतं हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं, “तुम्ही दिलेलं, दाजी.”

दाजींनी मान हलवली. “ते नको.”

“का?”

“तिला ते आवडलं नव्हतं.”

“पापा, श्टिम्ट गार निष्ट!” रेवा एकदम म्हणाली, हे मुळीच खरं नाही.

“असंच आहे, बेटा. तुला माहीत नाही.” दाजी अगदी सरळ आवाजात बोलत होते, कारखान्यातला अहवाल वाचावा तसे. “ती सगळ्यांना सगळी कार्डं दाखवायची. आलेल्या पाहुण्याला चहा नंतर, कार्डं आधी. माझं कधीच नाही. कुणी विषय काढला की ती बोलणं बदलायची. चादरींच्या मागे ठेवलं होतं तिने ते. मला वाटलं, आपल्याला यातलं काही कळत नाही, काहीतरी भलतंच उचलून आणलंय, आणि तिला लोकांसमोर लाज वाटते. पण बोलली नाही बिचारी. माझं मन राखलं.” मग म्हणाले, “त्यानंतर मी कधी काही आणायला धजलो नाही. उगाच पुन्हा तिची अडचण नको.”

नंदाताई, तू मला किती वेळा हसत हसत सांगितलं होतंस, की त्या एका भेटीनंतर या माणसाने स्वतःहून साधं फूलही आणलं नाही!

मी समोर बसलो होतो. तू हात वर करून ‘बास’ म्हणालेली मला दिसत होतीस. मी वचन दिलं होतं. पण तू वचन घेतलंस ते दाजींना दुखवू नये म्हणून, आणि ते तर इतकी वर्षं दुखावलेलेच होते. त्यांना काय वाटतंय हे तुला कधी कळलं नाही. तुला काय माहीत आहे हे त्यांना कळलं नाही. तुम्ही दोघं एकाच टेबलावर जेवत होतात.

मी सांगितलं. सगळं. कार्ड खोटं आहे, ताईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, ती लपवायची ती कुणा पारखी माणसाने तुमच्यासमोर खोटं ठरवू नये म्हणून. लाजेने नव्हे.

दाजी खुर्ची पुढे ओढून माझ्याकडे वळले.

“म्हणजे मी फसलो होतो?”

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच, दाजी.”

“अरे, एवढंच होतं?” आणि ते हसायला लागले. खांदे हलत होते. रेवा उठून त्यांच्यामागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले, तेव्हा मला दिसलं की ते हसत नाहीत. मग पुन्हा हसलेसुद्धा. “एवढंच होतं तर सांगायचं ना गं,” असं ते तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले.

तोंड पुसून त्यांनी स्वतःच ते कपाटातून आणलं. “दाखव मला. कसं ओळखायचं?” मी स्क्रू काढले, भिंग दिलं, अक्षरांतले ठिपके दाखवले. उलटं करून दिव्याखाली धरायला सांगितलं. “गेनाऊ, बरोबर! इथे खरवडलंय,” ते म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता, एखाद्या भागातला दोष सापडलेल्या इंजिनिअरचा. रेवालाही त्यांनी बोलावून दाखवलं. ती जर्मनमध्ये विचारत होती, ते मराठीत सांगत होते. आपण शनिवारी त्या टेबलावर बसायचो तशी दोन डोकी एका भिंगावर वाकली होती.

ते कार्ड त्यांनी पेटीत ठेवलं नाही. “हे मी फसून आणलंय, माझ्याकडेच राहू दे,” म्हणाले, आणि शर्टाच्या खिशात घातलं. ॲक्रिलिक नाही, साधं पाकीटसुद्धा नाही. तू असतीस तर किंचाळली असतीस. तुझ्याबरोबर काय ठेवायचं ते रेवाने ठरवलं. निळ्या पेनाच्या सहीचं.

तू मला विचारलं होतंस, कळून त्याला मिळणार काय? मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो. आता सांगतो, पण जिंकल्यासारखं नाही. तू नाही सांगितलंस, त्यात तुझी माया होती, आणि मी ती रोज पाहिलेली आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही चादरींच्या मागेच ठेवलं असतं. फक्त मला वाटतं, आपण समोरच्याला जपायला गप्प बसतो तेव्हा तो आपलं गप्प बसणं कसं वाचतोय हे एकदा बघायला हवं. हे मी तुझ्याकडूनच शिकलो, पण तुला सांगायला उशीर झाला. लग्न ठरलंय माझं, हे तुला माहीत आहे. मानसीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला खोटं कार्ड दिलंस तर मी त्याच दिवशी सांगेन.” भेट झाली असती तर तुला आवडली असती ती. तुझं आणि तिचं भांडणही झालं असतं.

निरोपाच्या दिवशी थंडी होती. मंडळातले बरेच जण आले होते. कुणीतरी गीतेतला अध्याय म्हटला, तुझ्या ऑफिसातली एक बाई जर्मनमध्ये बोलली. तू तिच्या कामात किती चुका काढायचीस आणि तिला त्याचा किती राग यायचा, हे तिने सांगितलं, आणि ती रडली. सगळ्यांत खरं तीच बोलली.

सगळे पांगल्यावर रेवा मावश्यांशी फोनवर बोलत राहिली, आणि मी दाजींच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी गाडी सुरू केली नाही. खिशातून ते कार्ड काढून स्टिअरिंगवर टेकवून धरलं.

“हे मी प्रागला घेतलं,” ते म्हणाले. “कामासाठी गेलो होतो. दुकानात गेलो तर काचेच्या कपाटात शंभर गोलकीपर. मला एकाचंही नाव माहीत नाही. आणि सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. मला कसं ठरवावं कळेना. मग हे दिसलं. जुनं, उघड्या तोंडाचं.”

मी म्हटलं, “जुनं म्हणून घेतलंत?”

“नाही रे. खडकीला तिच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ना, लग्नाचं बोलायला, तेव्हा बाहेरच्या खोलीत तिचा एक फोटो होता. सामना संपल्यानंतरचा. हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले, आणि अशी चिडलेली, जणू फोटो काढणाऱ्यानेच गोल मारलाय. ती आत पोहे करत होती आणि मी बाहेर त्या फोटोकडे बघत होतो. मी तिला बघायच्या आधीच हो म्हणायचं ठरवलं होतं. पुढे ते घर विकलं, सामान इकडेतिकडे गेलं, फोटो कुठे गेला कुणालाच माहीत नाही. खूप शोधला मी, तिला न सांगता. या माणसाचा चेहरा तिच्यासारखा नाही. पण राग अगदी तोच आहे, बघ. दुकानदाराने मागितले तेवढे देऊन टाकले. त्याच्याशी घासाघीस करावीशी वाटली नाही.”

मग त्यांनी मला विचारलं, “तिला कळलं असेल का रे, मी हेच का आणलं ते?”

“माहीत नाही, दाजी,” मी म्हटलं.

खरंच माहीत नाही, ताई. तू ते कार्ड उघडलंस तेव्हा अक्षरांतले ठिपके पाहिलेस, कागद पाहिलास, खरवडलेला कोपरा पाहिलास. मीही तेवढंच पाहिलं. आपण दोघांनी मिळून त्याची किंमत अगदी अचूक काढली होती. दाजींनी ते माझ्या हातात दिलं आणि मी पहिल्यांदा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दमलेला, घामाने भिजलेला, भयंकर चिडलेला एक माणूस गोलपोस्टसमोर उभा होता, आणि त्याच्या मागच्या जाळ्यात काही नव्हतं, त्याने काहीच आत जाऊ दिलं नव्हतं.